उत्तरेकडची मोरी

बोरखेडीच्या तळ्यावरून मालोजीरावांच्या हयातीत तीन सरकारं गेली. आधी होळकर सरकार, मग मध्यभारत आणि आता चार वर्षं झाली, मध्यप्रदेश. तिघांनीही शेतसारा वेळेवर नेला आणि तिघांनीही तळ्याच्या पाळीकडे ढुंकून पाहिलं नाही. मालोजीरावांची त्याबद्दल तक्रार नव्हती, उलट अभिमानच होता. त्यांचे पणजोबा होळकरांच्या फौजेतून आले, बेटम्यापासून दोन कोसांवर ही काळी जमीन मिळाली, आणि तेव्हापासून दर आखातीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरटी एक माणूस आणि दोन टोपल्या पाळीवर जात. गाळ काढायचा, बिळं बुजवायची, माती चढवायची, आणि दुपारी सगळ्यांनी मिळून दाल-बाफले खायचे. मालोजीरावांच्या शिंगाडे घराण्याने या सामुदायिक कामासाठी दख्खनेतून आणलेला शब्द होता, इर्जिक. आता गावातले पाटीदार आणि गावकुसाबाहेरचे बलाईसुद्धा इर्जिकच म्हणत.

चैत्र सरता सरता मालोजीरावांना पाळीच्या पायथ्याशी ओल दिसली. वरचं गवत वाळून खडखडीत झालेलं, आणि तिथे मात्र हातभर जागेत हिरवळ. ते उकिडवे बसले, बोटं मातीत घातली. बोटं थंड झाली. तळ्यात पाणी जेमतेम मांडीइतकं उरलं होतं आणि तेवढ्यावरही पाळ झिरपत होती. भरल्या तळ्याला ती काय दाद देणार? पाळीखालीच बलायांच्या चौदा झोपड्या होत्या, त्यांच्या पुढे मालोजीरावांचं शेत.

"या खेपेला दोन दिवस इर्जिक लागेल," त्यांनी घरी येऊन अंबिकाबाईंना सांगितलं. "बाफल्यांचं पीठ जास्त दळून ठेव."

"भाऊजींना विचारलंत?"

"त्याला काय विचारायचं? तो येईलच."

भाऊजी म्हणजे तुकोजी, मालोजीरावांचा धाकटा भाऊ. धाकटा कसला, वीस वर्षांचं अंतर. आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता. अंबिकाबाईंना मूल झालं नाही, त्यांनी यालाच वाढवलं. इंदूरला ठेवून मॅट्रिक केलं, आणि आता तो ग्रामसेवक झाला होता. सायकलीला पिशवी लटकवून सहा गावं फिरायचा, सुधारलेलं बियाणं आणि शोषखड्डे लोकांच्या गळी उतरवायचा. पाळीवर दोघा भावांची जोडी ठरलेली असे. मालोजीराव खाली टोपली भरणार, तुकोजी वर झेलणार. बाकीच्यांच्या हातात हात बदलत, यांच्यात नाही.

त्या संध्याकाळी तुकोजी आला तो सायकल भिंतीला टेकवायच्या आधीच बोलायला लागला.

"दादा, पाळीला हात नका लावू. बिलकुल नाही."

"का रे? मुहूर्त बघायचाय?"

"मरम्मतीचा कागद मंजुरीला गेलाय. ओव्हरसियर येऊन नापजोख करणार. त्याच्या आधी कोणी फावडं मारलं तर सगळं बाद. झालेल्या कामाला सरकार मंजुरी देत नाही."

तुकोजीची बायको मंगला पाट मांडत होती. दोघे जेवायला बसले. मालोजीरावांनी भाकरी मोडली, पण घास घेतला नाही.

"सरकारला कोणी सांगितलं पाळ बांधायला?"

"मी."

"का? आपले हात झडले?"

"नुसती पाळ नाही, दादा. उत्तरेच्या टोकाला पाणी सोडायची पक्की मोरी. नव्या मोरीला पैसे नाहीत, मरम्मतीला आहेत, म्हणून मी ती मरम्मतीच्याच कागदात बसवलीय. तिथून पाट थेट बलायांच्या पट्ट्यांवर जाईल. कचरू बलाईला सरकारची जमीन मिळून पाच वर्षं झाली, अजून एक दाणा गव्हाचा नाही तिच्यात."

"मग पंचायत बसवू. माझ्या आणि गावच्या पटेलाच्या शेतातून पाट काढायचा तेवढा प्रश्न आहे."

"पाच वर्षं बसतेच आहे पंचायत. पटेल खोकतो, तुम्ही मिशीला हात लावता, आणि मग सगळे घरी जाता." तुकोजीचा आवाज चढला. "इर्जिकीत कचरूची टोपली चालते, दादा. कचरूला पाणी द्यायचं म्हटलं की गावाचा घसा सुकतो."

अंबिकाबाईंनी आमटीची पळी तशीच धरून ठेवली. या घरात मालोजीरावांना असं कोणी बोललं नव्हतं. पण बोलणं खोटं नव्हतं, हे मालोजीरावांनाही कळत होतं, आणि म्हणूनच ते जास्त झोंबलं.

"सरकारने काय करावं सांगू?" ते म्हणाले. "चोर धरावा, रस्ता राखावा, आणि बाकीचं गावावर सोडावं. आज तो तुझी पाळ बांधेल. उद्या तळ्यावर चपराशी बसवेल. परवा आपल्याच तळ्यात बैल धुवायला चिठ्ठी लागेल. हाताने केलेलं काम माणसाचं असतं, तुका. फुकट मिळालेल्याला मालक वेगळा असतो."

"आपलं तळं, आपलं तळं म्हणता. आपलं म्हणजे कुणाकुणाचं ते एकदा सांगा ना."

मालोजीरावांनी मोडलेली भाकरी ताटाच्या कडेला सारली. मग हळूच म्हणाले, "कधी येतो तुझा ओव्हरसियर?"

"वटपौर्णिमेच्या आत. मी वस्तीला शब्द दिलाय. तुम्ही मला द्या."

मालोजीरावांनी शब्द दिला. तुकोजीने लहानपणी चंद्र मागितला असता तरी त्यांनी शिडी शोधली असती. हा तर नुसता दीड महिना होता.

आखातीज आली. पाळीवर कोणी गेलं नाही. अंबिकाबाईंनी दळून ठेवलेल्या पिठाचे चार-चार बाफले घरातल्या घरात केले आणि त्यातले निम्मे तसेच उरले. दुपारी मालोजीराव एकटेच पाळीवर जाऊन बसले. दरवर्षी या वेळी इथे पाय ठेवायला जागा नसे. कोणी गाणं म्हणे, कोणी कुणाच्या धोतरात चिखल टाके, तुकोजी वरून ओरडे, "दादा, टोपली भरताय की पाळणा?" आता नुसता वारा. आपलं काहीतरी कोणी उचलून नेलं आणि आपण दारात उभे राहून पाहिलं, असं त्यांना वाटलं. उन्हं कलेपर्यंत ते तिथून उठले नाहीत.

ज्येष्ठ लागला तरी ओव्हरसियर आला नाही, आणि पावसाळ्याआधीच्या कामांमुळे तुकोजीचाही मुक्काम महिनाभर विकास ब्लॉकच्या गावी होता. ओल हातभराची चार हात झाली. शेवटी मालोजीरावांनी ठेवणीतला फेटा बांधला, कचरू बलाईला बरोबर घेतलं आणि मोटारीने ब्लॉकच्या ऑफिसला गेले. कचरू त्यांच्याच वयाचा. तीन पिढ्या शिंगाड्यांच्या शेजारी नांगर धरल्यामुळे त्याची मराठी मालोजीरावांपेक्षा फार वाईट नव्हती.

ऑफिसात बाक होतं. चपराशी म्हणाला, साहेब दौऱ्यावर आहेत, बैठो. ते बसले. कचरू जमिनीवर बसला. मालोजीरावांनी बाकावर हात आपटून खूण केली, तरी तो वर आला नाही. मग बाबू जेवायला गेला. मग बाबू आला आणि चहाला गेला. मालोजीरावांच्या फेट्याखाली घाम साचून मानेवर उतरत होता. जन्मात त्यांनी कुणाच्या दारात अशी वाट पाहिली नव्हती. होळकरांच्या दसऱ्याच्या दरबारातही बापाला जागा ठरलेली असे, निदान तसं बाप सांगत असे.

तीनच्या सुमाराला आतल्या खोलीतून तुकोजी फायली घेऊन बाहेर आला. मागे मोठा साहेब होता. मालोजीराव उठले.

"तुका, अरे ती ओल..."

तुकोजीने साहेबाकडे पाहिलं, मग भावाकडे. "आप बैठिए," तो म्हणाला. "बारी आएगी तब बुलाएँगे."

साहेब निघून गेल्यावर तो धावत परत आला, मराठीत बोलला, दादा असं दादा तसं, साहेबासमोर नातं दाखवलं तर म्हणतील भावाच्या शेतासाठी करतोय, ओव्हरसियर महूकडे पुलाच्या कामावर अडकलाय, आठ दिवसांत आणतोच. सगळं खरं असेल. पण मालोजीरावांना पुढचं काही ऐकू आलं नाही. ज्याला पोटाशी धरून झोपवला त्याने परक्या माणसासारखं 'आप' म्हटलं, हेच सबंध वाटभर मोटारीच्या आवाजातून ऐकू येत राहिलं.

"राव," कचरू वाटेत म्हणाला, "पोरगा चांगला आहे."

"वाईट कोण म्हणतोय?" मालोजीराव खेकसले.

वटपौर्णिमेला आठ दिवस उरले असताना वळवाची एक जोरदार सर आली. अर्ध्या घटकेची, पण तेवढ्याने तळ्यात वीतभर पाणी चढलं आणि पायथ्याच्या ओलीतून बोटाएवढी धार लागली. धार गढूळ होती. तळ्याकाठी जन्मलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. नितळ पाणी आलं तर पाळ घामेजतेय म्हणायचं. गढूळ आलं तर पाळ आतून खचतेय.

मालोजीराव घरोघर गेले. पूर्वी बोलवावं लागत नसे. आता निम्मे म्हणाले, सरकार करणार आहे ना? पटेलाचा मुलगा म्हणाला, "काका, सडकेच्या कामावर रोजी मिळते. इथे काय मिळणार?" हा प्रश्न त्या गावात आजवर कोणी विचारलाच नव्हता. रोजीचा विचार करायला पोराला सरकारने शिकवलं की पोटाने, हे ठरवायला मालोजीरावांना सवड नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाळीवर अकरा घरांची माणसं आली. पूर्वी चाळीस येत. त्या अकरात सात घरं बलायांची. सगळ्यांत आधी कचरू येऊन उभा होता.

"तुला कळतंय ना, कचरू?" मालोजीरावांनी त्याला बाजूला घेतलं. "आपण हात लावला तर तुझी मोरी जाईल."

कचरूने पाळीखालच्या झोपड्यांकडे पाहिलं. त्याची सून दारात पोराला न्हाऊ घालत होती.

"पेलां घर बचावां," तो म्हणाला. "पाणी की पाछे देखांगा. आधी घर, पाणी मागून."

त्यांनी पायथ्याला चर खणला. वरची माती भुसभुशीत, खाली चिकट काळी, फावड्याला धरून बसणारी. खेकड्यांच्या बिळांतून पाणी येत होतं. एकेक बीळ कोपरापर्यंत हात घालून शोधायचं, मोकळं करायचं, चिकणमातीचे गोळे कोंबायचे, वरून धुम्मसाने ठोकायचं. धुम्मस दोघांनी उचलायचं. मालोजीरावांच्या समोर कचरू होता. पहिल्या दिवशी हाताला फोड आले, दुसऱ्या दिवशी ते फुटले. मालोजीरावांची कंबर धरली, वाकलं की उठवेना, उठलं की वाकवेना. टोपली वर द्यायची वेळ आली की ते नकळत मान वर करत. वर कुणी दुसराच हात पसरून उभा असे. ते टोपली देत आणि खाली पाहत.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत धार बंद झाली. पायथ्याची माती कोरडी पडायला लागली. बायकांनी दाल-बाफले आणले. लोक पाळीवर पाय पसरून बसले होते, आणि तेवढ्यात धुळीतून सरकारी जीप आली.

तुकोजी पुढे उतरला. मागून ओव्हरसियर गंगराडेजी, डोक्यावर टोप, हातात फीत. त्याच्या माणसाने लाल-पांढरी पट्टी खांद्यावर घेतली होती. तुकोजी दोन पावलं चालला आणि थांबला. समोर नवी, ओली, धुम्मसाच्या ठशांनी भरलेली पाळ होती.

ओव्हरसियर मात्र खूश झाला. पाळीवरून चालत गेला, टाच मारून पाहिली, पायथ्याला वाकून हात लावला. "वाह, क्या बात है! इसको कहते हैं जनसहयोग." मग त्याने जीपच्या बॉनेटवर वही ठेवून लिहिलं, आणि तुकोजीच्या चेहऱ्याकडे न पाहता मोठ्याने वाचून दाखवलं: पाल अच्छी दशा में है, मरम्मत की आवश्यकता नहीं।

"साहेब, और मोरी?" तुकोजीने विचारलं. "उत्तर की मोरी तो उसी एस्टिमेट में है."

"भिया, मरम्मत ही नहीं तो मरम्मत का एस्टिमेट कैसा? नया प्रस्ताव भेजो. अगले साल देखेंगे."

ओव्हरसियरला एक बाफला आग्रहाने दिला, तो त्याने तुपात बुडवून खाल्ला आणि जीप गेली. तुकोजी गेला नाही. तो मालोजीरावांसमोर येऊन उभा राहिला. त्याचे कपडे इस्त्रीचे होते, मालोजीरावांच्या छातीपर्यंत चिखल होता.

"पाच दिवस राहिले होते, दादा. तुम्ही शब्द दिला होता."

"पाणी थांबत नव्हतं रे. गढूळ यायला लागलं."

"मला निरोप धाडायचा. रात्रीतून आणला असता त्याला."

"तुझ्या ऑफिसात? बारी आल्यावर?"

हे बोलायला नको होतं. तोंडातून निघून गेलं. तुकोजीचा चेहरा पडला. तो मागे वळून कचरूकडे गेला, त्याच्यासमोर हात जोडून काहीतरी बोलला, आणि चालत घराकडे निघाला. मालोजीरावांना हाक मारायची होती. पण सगळं गाव पाहत होतं, आणि शिंगाड्यांच्या घरात थोरल्याने धाकट्याला थांब म्हणून विनवायची रीत नव्हती.

आठवड्याच्या आत तुकोजीने सर्कल बदलून घेतलं. ब्लॉकच्या गावी एक खोली भाड्याने घेतली. मंगलाने अंबिकाबाईंच्या पायावर डोकं ठेवलं तेव्हा दोघी रडल्या. पुरुष रडले नाहीत. एकाने ट्रंक गाडीत चढवली, दुसऱ्याने बैलांना विनाकारण पाणी दाखवलं.

पावसाळा गेला. पाळ टिकली. तळं काठोकाठ भरलं आणि चौदापैकी एकाही झोपडीत पाणी शिरलं नाही. मालोजीराव बरोबर ठरले होते, आणि बरोबर ठरण्यात इतकं ओकंबोकं वाटतं हे त्यांना माहीत नव्हतं. दसरा गेला, दिवाळी गेली. तुकोजीने मनिऑर्डरने ओवाळणी पाठवली. अंबिकाबाईंनी त्या नोटा देव्हाऱ्यात ठेवल्या आणि दोन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

गव्हाच्या पेरणीला मालोजीरावांच्या शेतात पाणी खळखळून आलं. पलीकडे, पटेलाच्या बांधापुढे, कचरूचा पट्टा भेगाळलेला पडला होता. मालोजीराव कितीतरी वेळ पाण्याचं बारं धरून उभे राहिले. मग चालत कचरूकडे गेले. तो बैलाविना वखर ओढत असल्यासारखा वाकून ढेकळं फोडत होता.

"कचरू, मी ठरवलंय. माझ्या शेताच्या मधून पाट काढतो. पटेलाला मी बघून घेतो. तू उद्यापासून माझ्या हिश्श्यातलं पाणी घे. पंचायत नको, कागद नको. मी देतो."

बोलताना त्यांना वाटत होतं की हे तुकोजीच्या कानावर जाईल, तो म्हणेल, दादांनी केलं.

कचरूने कुदळ खाली ठेवली. कपाळ पुसलं.

"राव, तुमचे उपकार आहेत. खोटं नाही बोलणार. पण तुम्ही द्याल ते तुमचं पाणी. आज तुम्ही आहात. उद्या पटेल तुम्हाला बोलेल, परवा तुमच्या मनातून उतरेन मी, मग बंद. दरसाल गहू पेरायच्या आधी तुमच्या तोंडाकडे बघायला लागेल." त्याने मालोजीरावांच्या नजरेला नजर दिली, आयुष्यात बहुधा पहिल्यांदा. "सरकार देतं, तर म्हारो वेतो. माझं झालं असतं."

राग यावा असं मालोजीरावांना वाटत होतं. आला नाही. त्यांना ते ऑफिसातलं बाक आठवलं आणि खाली जमिनीवर बसलेला हा माणूस. आपण एक दुपार वाट पाहिली आणि सहा महिने ती गिळता आली नाही. याच्या तर तीन पिढ्या आपल्या ओट्याखाली बसून गेल्या. तुका हेच सांगत होता, आणि आपण त्याला चपराशाची भीती घालत होतो. आता हे कबूल करायला तो समोर हवा होता, अगदी या क्षणी हवा होता.

"चल," ते म्हणाले. "कपडे बदल."

तुकोजीची खोली किराणा दुकानाच्या मागे होती. दोघांना दारात पाहून तो गडबडला, मंगलाने चहा टाकला. मालोजीराव चटईवर बसले आणि कचरूला दंडाला धरून शेजारी बसवलं.

"मोरीचा अर्ज लिहून दे," ते म्हणाले. "नवा प्रस्ताव का काय तो."

तुकोजीने एकदा दोघांकडे पाहिलं आणि काही न विचारता कागद काढला. त्याने हिंदीत लिहिलं, वाचून दाखवलं, कचरूने अंगठा दिला.

"खाली माझी पण सही घे."

"तुमची लागत नाही, दादा. तुम्हाला पाणी आहे. ज्याला नाही त्याचाच अर्ज लागतो."

"लागत नसेल. पण घे ना."

तुकोजीने कागद पुढे केला. मालोजीरावांनी सावकाश, मोडी वळणाची सही केली. मग तिघे ऑफिसात गेले. बाबूने कागद घेऊन ढिगावर ठेवला आणि मान वर न करता विचारलं, और कुछ? मालोजीरावांनी हात जोडले. "बाबूजी, जरा जल्दी करवा देना," ते म्हणाले. तुकोजी दुसरीकडे पाहू लागला. त्याच्याने ते बघवलं नाही.

मोटारीच्या अड्ड्यावर कचरू मुद्दाम लांब जाऊन उभा राहिला. मालोजीरावांनी दोनदा घसा खाकरला.

"तुका, घरी ये."

झालं, बोलले. तुकोजीचे डोळे भरले. त्याने वाकून भावाचे पाय धरले, आणि उठला तेव्हा मान हलवत होता.

"मी चौदा घरांना शब्द दिला होता, दादा. त्यांच्या दारावरूनच घराची वाट आहे. मोरीतून पाणी गेलं की येतो. त्याच्या आधी कोणत्या तोंडाने येऊ?"

"किती दिवस लागतात याला?"

तुकोजीने खोटं सांगायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. "सांगता येत नाही. कागद भोपाळपर्यंत जातो. दोन वर्षं. कधी चारही."

मालोजीरावांनी मान डोलावली. त्यांना अठ्ठावन्नावं लागलं होतं. मोटार आली.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. अंबिकाबाई दारातच होत्या. त्यांनी नवऱ्याच्या मागे, वाटेवर, कोणी आहे का ते पाहिलं.

"भाऊजी?"

"मोरी झाली की येतो म्हणाला."

"मोरी कोण करणार?"

"सरकार."

अंबिकाबाई चौकटीला धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी घाईघाईने विचारलं, "अहो, मग तुम्ही तिथे नीट बोललात ना? ताठ नाही ना उभे राहिलात? हात जोडलेत ना?"

"जोडले," मालोजीराव म्हणाले.